वजनाच्या ऑपरेशननंतरचं पहिलं वर्ष: काय, किती आणि कोणत्या क्रमाने खायचं

वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांच्या तोंडी तीन वाक्यं येतात. ‘भूकच लागत नाही, मग बळंच कशाला खायचं?’ ‘पाणी प्यायलं की छातीत अडकतं, म्हणून पाणी कमी केलंय.’ ‘पातळ सगळं छान पचतंय, आता भात सुरू केला तर काय बिघडणार आहे?’ तिन्हींच्या मुळाशी चूक एकच आहे. भूक, तहान आणि पोट भरल्याची जाणीव, या खुणांवर आपण जन्मभर जेवत आलो आणि नेमक्या त्याच खुणा ऑपरेशननंतर काही महिने भरवशाच्या राहत नाहीत.

या ऑपरेशनचे दोन नेहमीचे प्रकार म्हणजे स्लीव्ह आणि बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होतं. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची जेमतेम ३० मिलीलिटरची पिशवी करून ती लहान आतड्याला जोडतात. दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशनच्या बाहेरच्या जखमा आठ-दहा दिवसांत सुकतात, त्यामुळे माणसाला वाटतं आपण बरे झालो. आतली शिवण मात्र अजून ताजी असते आणि तिच्याभोवती सूज असते.

म्हणून पहिले काही महिने घड्याळ आणि मापाचा पेला सांगेल तसं खायचं-प्यायचं. खालचे आठवडे आणि आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या सर्जनने किंवा आहारतज्ज्ञाने दिलेल्या कागदावर वेगळं लिहिलं असेल, तर तो कागद खरा.

१. ऑपरेशनला जाण्याआधी घर लावून ठेवा

परत आल्यावर अंगात त्राण नसतं, तेव्हा तयारी करू म्हणाल तर होणार नाही. मिलीलिटरच्या खुणा असलेला लहान पेला, लहान वाट्या, लहान चमचे, मिक्सर, बारीक गाळणी आणि गजराची सोय असलेला फोन एवढं हाताशी हवं. वाटलेलं अन्न बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवलं तर एका वेळी दोन खण काढता येतात आणि माप आपोआप सांभाळलं जातं.

प्रोटीन पावडरचे मोठे डबे आधीच आणून ठेवू नका. ऑपरेशननंतर चव बदलते. आज आवडलेली पावडर पंधरा दिवसांनी तोंडात धरवत नाही. दोन-तीन प्रकारची लहान पाकिटं आणा.

ऑपरेशनआधी साधारण दोन आठवडे कमी कॅलरीचा आहार देतात, तो यकृत आक्रसावं म्हणून. यकृताचा डावा भाग जठरावर असतो. तो मोठा आणि चरबीने भरलेला असला तर सर्जनला काम करणं अवघड जातं. ‘आता पुन्हा कधी खायला मिळणार’ म्हणून याच दिवसांत मनसोक्त जेवणारे कमी नाहीत. कृपा करून तसं करू नका.

तपासा: सध्याच्या प्रत्येक गोळीबद्दल ‘ऑपरेशननंतर चालू, बंद की कमी?’ हे लेखी घेतलंय का? मधुमेह असलेल्यांनी तर हे नक्कीच करावं. अनेकांची शुगर वजन उतरण्याआधीच, काही दिवसांत खाली येते. इन्सुलिनचा किंवा शुगर कमी करणाऱ्या काही गोळ्यांचा जुनाच डोस चालू राहिला, तर ती धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचाही फेरविचार लागतो. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या बायपासनंतर नीट शोषल्या जात नाहीत, त्यांना पर्याय विचारून ठेवा.

२. पहिले दोन आठवडे: आधी पाणी

पहिला-दुसरा दिवस गाळलेल्या, पारदर्शक द्रवांचा, त्यानंतर दूध, पातळ ताक, गाळलेलं सूप आणि प्रोटीनचं पेय. या काळात हॉस्पिटलात परत जावं लागण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे शरीरातलं पाणी कमी होणं. दिवसाला किमान दीड लिटर द्रव जायला हवेत, पुढे हळूहळू दोन लिटरपर्यंत.

आता गणित करून बघा. दर १५ मिनिटांना ३० मिलीलिटर घेतलं तर दीड लिटर व्हायला साडेबारा तास लागतात. सकाळी सातला सुरुवात केली तर संध्याकाळी साडेसात वाजतात. म्हणजे ‘सकाळी जमलं नाही, दुपारून भरून काढू’ हा हिशेब इथे बसतच नाही, कारण एका दमात जास्त पिण्याची जागाच नाही. उठल्यापासून घोट सुरू करायचे. गजर लावा. उरलेल्या पाण्यापेक्षा प्यायलेलं पाणी मोजा, आणि प्रोटीनचं पेय, दूध, सूप सगळं त्यात धरा.

थंड पाण्याने कळ येत असेल तर कोमट घेऊन बघा. साधं पाणी कडवट किंवा जड लागतं अशी तक्रार खूप जण करतात. त्यात थोडं लिंबू पिळून चालेल का ते विचारा. स्ट्रॉ आणि फसफसणारी पेयं नकोत, दोन्हींनी पोटात हवा जाते.

प्रथिनांचं लक्ष्य बहुतेकांना दिवसाला ६० ते ८० ग्रॅम दिलेलं असतं. पेलाभर दुधात, म्हणजे २०० मिलीलिटरमध्ये, जेमतेम ६-७ ग्रॅम मिळतात. म्हणून या टप्प्यात पावडरशिवाय भागत नाही. पहिल्या आठवड्यात आकडा गाठता आला नाही तर जीव टांगणीला लावू नका. पाणी गाठा, प्रथिनं दर दोन-तीन दिवसांनी वाढवत न्या.

हालचालीचंही इथेच सांगून टाकते. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालायला लावतात ते पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, घरीही दर एक-दोन तासांनी चार पावलं चालायची. साधारण ५ किलोपेक्षा जड काही पहिले चार ते सहा आठवडे उचलायचं नाही, मग ते आपलंच मूल का असेना.

सावधान: दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात भरलेल्या वायूमुळे खांदा दुखतो. ते दुखणं चालल्यावर हलकं होतं आणि दिवसागणिक कमी होतं. खांदा किंवा पोट उलट वाढत्या क्रमाने दुखत असेल, स्वस्थ पडलेलं असताना नाडी १२०च्या वर असेल, ताप किंवा धाप असेल, तर आतली शिवण गळत असण्याची शक्यता असते. पोटरी सुजून दुखणं किंवा अचानक श्वास लागणं ही गुठळीची खूण असू शकते. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता ताबडतोब हॉस्पिटल गाठा. ‘गॅस असेल’ असं म्हणण्यात गेलेले तास महागात पडतात.

तपासा: लघवी फिकट आहे का? गडद होतेय, सहा-आठ तास झालेलीच नाही किंवा उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, तर फोन करा.

३. तिसरा-चौथा आठवडा: वाटलेलं अन्न

अन्न किती बारीक हवं, यावरून सगळ्यात जास्त गोंधळ होतो. चमचा उलटा केल्यावर ते गुळगुळीत घसरून पडलं पाहिजे, बोटांत चोळल्यावर कण लागता कामा नयेत. शिजवून वाटलेली डाळ, घोटलेलं दही, वाटलेला मासा, मऊ अंडं पातळ करून. सालं, बिया, दोरे गाळून घ्या. एका वेळी दोन ते चार मोठे चमचे, दिवसातून पाच-सहा वेळा.

एका दिवशी एकच नवा पदार्थ. तीन नवे पदार्थ एकदम खाल्ले आणि उलटी झाली, तर दोष कुणाचा ते कधीच कळत नाही आणि मग माणूस तिन्ही सोडून देतो. आज न झेपलेला पदार्थ दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बघायचा. कायमचं फुली मारायचं कारण नाही.

टप्पा ओलांडायची घाई मीही केली. चौथ्या आठवड्यात बरं वाटत होतं म्हणून चिकनचा एक लहानसा तुकडा, नीट चावून, खाल्ला. दोन मिनिटांत छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखं झालं, तोंडात फेसाळ लाळ येऊ लागली आणि घाबरून मी वर पाणी प्यायले. तीच मोठी चूक. अडकलेल्या घासावर पाणी ओतलं की पाण्यालाही जागा नसते, दोन्ही मिळून वर येतं. पुढचा तास मी न्हाणीघरात काढला.

घास अडकला तर: खाणं-पिणं थांबवा, उभे राहा, सावकाश फिरा, लाळ गिळायचा अट्टहास न करता थुंकून टाका. बहुतेक वेळा थोड्या वेळात सुटतं. नंतर तो दिवस पातळावर काढा.

सावधान: काही तास होऊनही स्वतःची लाळसुद्धा खाली उतरत नसेल, तर हॉस्पिटलात जा. आणि उलट्या दोन-तीन दिवस चालू असतील तर ‘ऑपरेशन झालंय, होणारच’ असं समजू नका. शरीरातला थायामिनचा, म्हणजे ब१ जीवनसत्त्वाचा साठा काही आठवड्यांतच संपतो आणि त्याने मेंदूला व नसांना कायमची इजा होऊ शकते. दुसऱ्या एखाद्या ठिकाणी सलाईन लावायची वेळ आली, तर ऑपरेशनबद्दल आणि उलट्यांबद्दल तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा. ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत थायामिन देणं गरजेचं असतं.

४. जेवायची नवी रीत

हा टप्पा कुठल्याच आठवड्यात संपत नाही, म्हणून त्यावर सगळ्यात जास्त मेहनत घ्या.

आधी ताट. प्रथिनं पहिली, मग भाजी, जागा उरली तर भात किंवा ब्रेड. जागा चार-सहा चमच्यांचीच असताना सुरुवात भाताने केली की प्रथिनांना ती उरतच नाही. पुढे केस गळतात, थकवा येतो, आणि माणूस म्हणतो, ‘मी तर नीट जेवतो.’

मग पाणी. जेवणाआधी १५ ते ३० मिनिटं थांबायचं आणि जेवणानंतर ३० मिनिटं प्यायचं नाही. जेवताना प्यायलं तर लहानशा पिशवीत जागेसाठी मारामारी होते, किंवा अन्न लवकर पुढे वाहून जातं आणि तासाभरात पुन्हा खावंसं वाटतं. दिवसाच्या पाण्यातून हे थांबण्याचे तास वजा होतात, म्हणून सकाळची सुरुवात इतकी महत्त्वाची.

मग घास. नखाएवढा, २०-२५ वेळा चावलेला, पीठ झाल्याशिवाय गिळायचा नाही. दोन घासांमध्ये चमचा खाली ठेवा. पूर्ण जेवणाला २० ते ३० मिनिटं. त्याहून जास्त रेंगाळलात तर थांबा, कारण मग ते जेवण न राहता चरणं होतं.

थांबायचं कधी? जुनी ‘पोट भरलं’ ही जाणीव येईपर्यंत उशीर झालेला असतो. नवी खूण चमत्कारिक असते: एखादी उचकी, एकदम शिंक, नाक वाहू लागणं, आपोआप सुटलेला मोठा सुस्कारा, किंवा छातीच्या हाडाखाली हलका दाब. प्रत्येकाची वेगळी. माझं नाक वाहतं. दोन आठवडे जेवताना काय झालं ते लिहून ठेवलंत तर तुमची खूण सापडेल. ती आली की ताटात काहीही उरलेलं असो, तिथेच थांबा. ‘एवढा एकच घास’ म्हणून घेतलेल्या घासानेच उलटी होते.

५. पाचव्या आठवड्यापासून: मऊ, आणि मग नेहमीचं

पाचव्या-सहाव्या आठवड्यात काट्याने सहज चिरडेल असं अन्न, त्यापुढे सहा ते आठ आठवड्यांनंतर हळूहळू सगळ्या पोताचं. त्रास कशाचा होतो हे ऐकून आश्चर्य वाटेल. मऊ, ताजा ब्रेड चावल्यावर त्याचा गोळा होतो आणि तो अडकतो. कडक भाजलेला चालून जातो. चिकट भात, पुन्हा गरम केलेलं कोरडं मांस, दोरे असलेल्या भाज्या आणि फळांची सालं, हेही असेच. मांस ओलसर, रश्श्यासकट घ्या. बायपासनंतर काहींना दूध पचेनासं होतं, पोट फुगतं आणि जुलाब होतात. त्यांना दही बरं पडतं.

६. गोळ्या: कोणती कशासोबत नाही

या गोळ्या जन्मभराच्या आहेत. रक्त तपासणीचा रिपोर्ट चांगला आला म्हणून बंद करणं ही दुसऱ्या वर्षातली सर्वात मोठी चूक. रिपोर्ट चांगला येतो तो गोळ्यांमुळेच.

साधारण यादी अशी असते: मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, ड३, ब१२ आणि लोह. पाळी येणाऱ्या स्त्रियांना आणि बायपास झालेल्यांना लोह जास्त लागतं, बहुधा ४५ ते ६० मिलिग्रॅम. ब१२ गोळीने किंवा महिन्याच्या इंजेक्शनने. कॅल्शियम सायट्रेट प्रकारचं मागून घ्या, कारण कार्बोनेटला जठरातलं आम्ल लागतं आणि ते आता कमी असतं.

शरीर एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमच कॅल्शियम नीट शोषतं, म्हणून ते दोन-तीन वेळांत विभागायचं. कॅल्शियम लोहाला अडवतं, म्हणून दोघांत किमान दोन तासांचं अंतर. चहा-कॉफीही लोहापासून लांब. मी पाळते तो क्रम: सकाळी न्याहारीनंतर मल्टिव्हिटॅमिन, दुपारी आणि संध्याकाळी कॅल्शियम, झोपण्याआधी लोह. मल्टिव्हिटॅमिनमध्येही लोह असू शकतं, त्यामुळे त्याच्याजवळ कॅल्शियम नको.

तपासा: रक्त तपासणी ३, ६ आणि १२ महिन्यांनी, त्यानंतर दरवर्षी. त्यात हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ब१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन आहे का, ते बघा. रक्तातलं कॅल्शियम ठीक दिसतं तेव्हाही शरीर ते हाडांतून काढत असू शकतं. पॅराथायरॉइड वाढलेलं असलं की ते कळतं.

७. डंपिंग ओळखा

मुख्यतः बायपासनंतर, कधी स्लीव्हनंतरही, गोड किंवा साखरेचं पेय भराभर आतड्यात उतरतं. १० ते ३० मिनिटांत धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब, आडवं पडावंसं वाटणं: हे लवकरचं डंपिंग. उशिराचं डंपिंग एक ते तीन तासांनी येतं, इन्सुलिन जास्त सुटून शुगर उतरते, हात कापतात, डोकं सुन्न होतं.

लोक चुकतात ते या दुसऱ्या प्रकारात. शुगर उतरली म्हणून मोठं गोड खातात, ती वर जाऊन पुन्हा कोसळते. शुगर खरोखर कमी असेल तर डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच, थोडंसं गोड घ्या आणि सावरल्यावर लगेच प्रथिनांचं काहीतरी खा. हे वारंवार होत असेल तर टीमला कळवा. गाडी चालवताना असं झालं तर जिवावर बेतू शकतं.

बायपास झालेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. गरोदरपणात किंवा इतर वेळी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून करायची तपासणी कुणी लिहून दिली, तर ऑपरेशनचं सांगून दुसरी तपासणी मागा.

८. पुन्हा सुरू करण्याआधी विचारायच्या गोष्टी

वेदनाशामक: आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन या जातीच्या गोळ्यांनी, विशेषतः बायपासच्या जोडावर, अल्सर होतो. दातांचे डॉक्टर किंवा हाडांचे डॉक्टर त्या सहज लिहून देतात, त्यामुळे सांगायची जबाबदारी तुमची. दुखण्यावर पॅरासिटामॉलपासून सुरुवात. तंबाखूनेही तेच अल्सर होतात, म्हणून ती कुठल्याच रूपात नको.

दारू आता लवकर आणि जास्त चढते. एका पेगनंतरही गाडी चालवायची नाही. जेवणातला आधार गेल्यावर काही जण दारूकडे वळतात. तसं होतंय असं वाटलं, तर लाज न बाळगता लगेच बोला.

गर्भधारणा १२ ते १८ महिने लांबवायला सांगतात. वजन उतरू लागलं की पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते, आणि बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होतो. वर्षानुवर्षं दिवस न राहिलेल्या स्त्रिया इथे गाफील राहतात.

झोपेत श्वासाचं मशीन लावत असाल तर वजन उतरलं म्हणून स्वतःहून बंद करू नका, झोपेची तपासणी पुन्हा करून मगच.

९. मधले महिने

तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात कधीतरी काटा एकदम थांबतो, एक-दोन आठवडे हलत नाही. हे जवळपास सगळ्यांचं होतं. या घाबरण्यात खाणं आणखी कमी करू नका. वजन आठवड्यातून एकदाच, त्याच वेळी, तेवढ्याच कपड्यांत करा.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस हातात येतात. झपाट्याने उतरलेलं वजन आणि ऑपरेशनचा ताण यांमुळे ते एकदम विश्रांतीत जातात. प्रथिनं, लोह, जस्त पुरेसं असेल तर बहुतेकांचे परत येतात. वर्ष उलटूनही गळतच असतील तर रक्त तपासा.

उजव्या बरगडीखाली, तेलकट खाल्ल्यावर कळ येत असेल तर पित्ताशयातले खडे असू शकतात; वेगाने वजन उतरताना ते होतात, म्हणून काहींना पहिले सहा महिने प्रतिबंधक गोळी देतात. बायपासनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही अचानक, पिळवटून टाकणारी पोटदुखी झाली, तर आतडं आतल्या फटीत अडकलेलं असू शकतं. तेव्हा बायपास माहीत असलेल्या सर्जनकडेच आणि त्याच दिवशी जा.

आणि माणसं. ‘एवढंसंच?’ ‘आमच्यासाठी एक घास.’ हे प्रेमाने म्हटलेलं असतं, म्हणूनच नाकारणं जड जातं. ऑपरेशनबद्दल सगळ्यांना सांगायची सक्ती नाही, पण घरात स्वयंपाक करणाऱ्या माणसाला या लेखातला चौथा टप्पा वाचायला द्या. बाहेर जेवताना ताट समोर आल्यावर निम्म्याहून जास्त आधीच बाजूला काढा, पाण्याचा पेला हाताला लागणार नाही इतका दूर सरकवा. आरशात मात्र जुनंच शरीर दिसत राहतं, कपडे जुन्याच मापाचे उचलले जातात, सैल कातडीने रडू येतं. मन मागे राहतं, त्याला वेळ लागतो. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर समुपदेशकाकडे जा.

१०. भूक परत येते तेव्हा

सहा महिने ते वर्षभरात भूक परत येते. ‘ऑपरेशन फसलं’ असं वाटून लोक हादरतात. पिशवी फाटलेली नाही, ताणून वाया गेलेली नाही. सूज उतरली आणि शरीर जुळवून घेऊ लागलं एवढंच. बहुतेकांचं वजन १२ ते १८ महिन्यांपर्यंत उतरतं, मग थोडं वर येऊन स्थिरावतं.

इथे धोका मऊ, कुरकुरीत, सहज सरकणाऱ्या पदार्थांचा असतो. बिस्किटं, चिप्स, आइस्क्रीम पिशवीत थांबतच नाहीत. मासा चार घासांत पोट भरतो, बिस्किटांचा अख्खा पुडा मात्र उतरतो आणि पोट भरल्याची खूणही येत नाही. त्यामुळे माणूस म्हणतो, ‘घट्ट अन्न झेपत नाही, हेच झेपतं’, आणि दिवसभर चरत राहतो.

वजन सलग तीन-चार आठवडे वाढत असेल, तर आधी चार दिवस तोंडात गेलेलं सगळं वेळेसह लिहा: घोट, चव बघायला घेतलेला चमचा, मुलांच्या ताटातलं उरलेलं. मग तीन गोष्टी शोधा. जेवणासोबत पाणी प्यायलं जातंय का? प्रथिनं ताटात पहिली आहेत का? दोन खाण्यांमध्ये किती वेळ जातो? पुन्हा पातळावर जाऊन ‘पिशवी लहान करायचे’ प्रयोग करू नका. त्याने पिशवी लहान होत नाही. ती चार पानं घेऊन आपल्या आहारतज्ज्ञाकडे जा, मधली दोन वर्षं एकदाही गेला नसाल तरी.